तात्पुरत्या रस्त्याचा शेवट आधी आखावा

(पर्यावरण आणि विकास या विषयावरील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



खाण आणि जंगल हा विषय निघाला की सभागृहाचे तत्काळ दोन तट पडतात. एका तटाला खाणीत रोजगार, पोलाद आणि राष्ट्राचे सामर्थ्य दिसते; दुसऱ्याला उजाड झालेला डोंगर आणि हतबल वनवासी दिसतो. त्या वादात आज मी शिरणार नाही. देशाला पोलाद हवे, याविषयी दुमत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. आणि खनिज जेथे निसर्गाने ठेवले तेथेच खणावे लागते. गडचिरोली, बस्तर, सिंहभूम, केओंझर, गोवा. आपल्या देशातील लोहखनिज बहुतांशी वनाच्छादित डोंगरांच्या पोटात आहे.

मात्र या वादातील दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे सारखेच दुर्लक्ष करतात. ती गोष्ट म्हणजे खाणीपर्यंत जाणारा रस्ता. खाणपट्टा किती हेक्टरांचा, झाडे किती जाणार, यावर वर्षानुवर्षे चर्चा होते. रस्ता मात्र 'तात्पुरता' या एका विशेषणाच्या आडोशाने निसटतो. खाणीचा खड्डा एका जागी राहतो. रस्ता जंगलाच्या अंगभर फिरतो. यास्तव आज केवळ या रस्त्याच्या नियोजनाविषयी बोलावे, असे मी ठरविले आहे.

'तात्पुरता' म्हणजे किती वर्षे?

प्रथम या शब्दाचाच विचार करू. खाणीच्या संदर्भात तीन निरनिराळ्या रस्त्यांना आपण एकाच नावाने संबोधतो. पहिला शोधकार्याचा मार्ग. जमिनीत खनिज आहे की नाही हे पाहण्यासाठी वेधनयंत्र न्यावे लागते; हे काम काही महिन्यांचे असते. दुसरा बांधकामाचा रस्ता. खाणीची यंत्रसामग्री, वीजवाहिनी, वसाहत उभी राहीपर्यंत, म्हणजे एकदोन वर्षे त्याची आवश्यकता असते. तिसरा प्रत्यक्ष खनिज वाहून नेण्याचा रस्ता. तो खाण चालू असेतोवर लागतो.

आता २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्ट्याची मुदत ५० वर्षांची झाली आहे. ५० वर्षे म्हणजे दोन पिढ्या. ज्या रस्त्यावर आजोबांनी खनिजाचा पहिला ट्रक पाहिला, त्याच रस्त्यावर नातू शेवटचा ट्रक पाहील. याला तात्पुरता कोणत्या अर्थाने म्हणायचे? आणि उलटपक्षी, जो मार्ग खरोखर चार महिन्यांचा आहे, तो पाचव्या महिन्यात बुजवला जातो का? अनुभव असा की यंत्र परत जाते आणि मार्ग तसाच उघडा राहतो. म्हणून नियोजनाचा पहिला नियम हा की, प्रत्येक रस्त्यापुढे त्याच्या समाप्तीचा दिनांक लिहिला पाहिजे. ज्या रस्त्याला असा दिनांक देता येत नाही, त्याला तात्पुरता म्हणू नये. त्याची परवानगी कायमच्या रस्त्याप्रमाणेच मागावी.

रस्ता किती जंगल खातो?

थोडे अंकगणित करू. १० मीटर रुंदीचा पट्टा एक किलोमीटर गेला की एक हेक्टर जमीन लागते. हे सपाट जमिनीवरचे गणित झाले. डोंगराच्या अंगावर, समजा उतार ३० अंशांचा आहे आणि सहा मीटर रुंदीची सपाटी पूर्णपणे डोंगर कापून काढायची आहे. आतल्या बाजूला सुमारे साडेतीन मीटर उंचीची उभी कड तयार होते आणि दर किलोमीटरला १० हजार घनमीटरांहून अधिक दगडमाती निघते. १० घनमीटरांचा टिप्पर धरला तरी या हजार खेपा झाल्या. ही माती वाहून नेण्याचा खर्च वाचवावा म्हणून ती खालच्या उतारावर लोटली जाते. कागदावर रस्ता सहा मीटरांचा. प्रत्यक्षात त्याच्या खालची कित्येक मीटर झाडी त्या मलब्याखाली गाडलेली. म्हणून नकाशावर केवळ रस्त्याची रेषा पाहून समाधान मानू नये. निघालेली माती कोठे जाणार, ती जागाही नकाशावर दाखविलेली असावी.

चढाचाही असाच विचार आहे. खाणीतील अवजड वाहतुकीसाठी साधारणतः १६ ला १ हा चढ सुरक्षित मानतात. अगदी थोड्या अंतरासाठी १० ला १ पर्यंत जातात. २०० मीटर उंचीच्या डोंगरावर जायचे, तर १६ ला १ या चढाने ३.२ किलोमीटर रस्ता लागेल, १० ला १ ने दोन किलोमीटर. तीव्र चढ घेतला तर जंगल कमी तुटते, परंतु पावसाचे पाणी वेगाने धावते, माती अधिक वाहते आणि भरलेले वाहन उतरताना चालकाचा जीव टांगणीला लागतो. सौम्य चढ घेतला तर झाडे अधिक जातात. येथे सरसकट उत्तर नाही. हलक्या यंत्रासाठीचा अल्पकालीन मार्ग अरुंद, एकेरी, मधून मधून वाहने ओलांडण्याची जागा ठेवून करता येतो. मनुष्यबळाने सुटे भाग करून उचलून नेता येणारी वेधनयंत्रेही उपलब्ध आहेत. त्यांना पायवाट पुरते. दीर्घकालीन खनिजवाहतुकीच्या रस्त्यावर मात्र सुरक्षेशी तडजोड करता येणार नाही. अभियंत्याने दोन्ही पर्यायांचे हिशेब शेजारी शेजारी मांडावेत आणि मग निर्णय व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

आणि सर्वांत चांगला रस्ता कोणता? जो करावाच लागत नाही तो. जुनी बैलगाडीची वाट, वनविभागाचे कूपरस्ते, आधीच उघडी पडलेली जमीन यांचा प्रथम शोध घ्यावा. त्याहून पुढे जाऊन, रस्त्याऐवजी अन्य साधन शक्य आहे का हे पाहावे. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील खनिज ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून पाण्याबरोबर मंगळूरला जात असे. आपल्या गडचिरोलीत २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची खनिजवाहिनी कार्यान्वित झाली. अशी साधने उभी राहतात, तेव्हा ट्रकांसाठी उघडलेल्या वाटांपैकी कोणत्या आता अनावश्यक झाल्या, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे.

पाणी हा खरा परीक्षक

मित्रहो, जंगलातील रस्त्याची परीक्षा अभियंता घेत नाही, पाऊस घेतो. गोव्याच्या डोंगराळ भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील खनिज डिचोली, सांगे भागांतून ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून मांडवी-जुवारीतून बार्जेसने मुरगावला जात असे. भरभराटीच्या काळात वर्षाकाठी चार कोटी टनांहून अधिक खनिज गोव्यातून निर्यात होत होते. १० टनांचा ट्रक धरला तर एवढ्या खनिजासाठी ४० लाख खेपा होतात. इवल्याशा राज्यावर हा भार केवढा असेल, याची कल्पना करावी. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. पुढे मर्यादित स्वरूपात ते सुरू झाले आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने पुन्हा थांबले. न्यायालय खाण थांबवू शकते, पावसाला थांबविता येत नाही. उतारावरचा रस्ता उघडा राहिला तर खाण बंद असतानाही लाल माती ओढ्यात, ओढ्यातून कुळागरात आणि भातशेतीत उतरत राहते.

म्हणून रस्ता शक्यतो डोंगराच्या सोंडेवरून किंवा सौम्य उतारावरून न्यावा. नाल्याच्या काठाकाठाने नेऊ नये. नाला ओलांडायचाच असेल तर कमीत कमी ठिकाणी आणि काटकोनात ओलांडावा. रस्त्यावरचे पाणी एकाच चरातून खाली सोडले तर त्याची घळ होते. त्यासाठी ठरावीक अंतरावर आडवे चर काढून ते थोडे थोडे जंगलात जिरवावे. चढ जितका तीव्र, तितके हे चर जवळ जवळ. तात्पुरत्या मार्गाचे काम पावसाळा संपल्यावर सुरू करावे आणि मृग लागण्यापूर्वी त्याची डागडुजी किंवा समाप्ती पूर्ण व्हावी. यातले काहीही फार महागडे नाही. केवळ वेळेवर आणि कोणीतरी पाहत असताना झाले पाहिजे.

वाट उघडली की कोण कोण येते?

रस्ता केवळ खनिजाची वाहतूक करीत नाही. त्याच्यावरून चोरटी तोड करणारा येतो, शिकारी येतो, अतिक्रमण येते. ॲमेझॉनच्या खोऱ्यासंबंधी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तेथील सुमारे ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झाली होती. आपले जंगल आणि आपली व्यवस्था वेगळी आहे; परंतु मनुष्यस्वभाव काही वेगळा नाही. वनस्पतींचेही तसेच. रस्त्याच्या दुतर्फा उघड्या, तुडविलेल्या मातीत प्रथम रुजते ती रानमोडी आणि घाणेरी. यंत्रांच्या चाकांना चिकटून त्यांचे बी पुढे पुढे जाते आणि ज्या कुरणात काल चारा होता, तेथे जनावरे तोंड लावीत नाहीत असे झुडूप माजते.

गडचिरोलीच्या संदर्भात रस्त्याला आणखी एक परिमाण आहे, ते आपण विसरता कामा नये. २५ डिसेंबर २०१६ रोजी माओवाद्यांनी सुरजागड येथे खनिजवाहतुकीची पन्नासहून अधिक वाहने जाळली. दुर्गम भागात रस्ता म्हणजे रुग्णवाहिका, शाळा, शिधा आणि शासनाचे अस्तित्व. वनवासी गावाला रस्ता हवाच आहे आणि तो देणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु म्हणूनच दोन गोष्टींची सरमिसळ करू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या रस्त्यासाठी सरळ मार्ग दिलेला आहे: एक हेक्टरहून कमी वनजमीन, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटणार नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस. गावाचा रस्ता गावाच्या नावाने, गावाच्या सोयीच्या रेषेने व्हावा. खाणीचा रस्ता गावाच्या नावावर खपवू नये, आणि गावाने वर्षानुवर्षे मागितलेला रस्ता खाण आल्यावरच मिळेल अशी परिस्थितीही येऊ देऊ नये. २०२१ नंतर सुरजागडचे खनिज एटापल्ली-आलापल्ली मार्गाने जाऊ लागले, तेव्हा रस्त्याची चाळण, धूळ आणि अपघात यांविषयी त्या भागातील जनतेत जो असंतोष पसरला, त्याचे मूळ या सरमिसळीतच होते. गावाचा रस्ता आणि खाणीचा रस्ता एकच झाला होता.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील फटी

१९८० च्या वन (संवर्धन) कायद्याने वनजमिनीचा अन्य वापर करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी बंधनकारक केली. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने 'वन' या शब्दाची व्याप्ती रुंदावली. २०२३ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही बदलले. त्या दुरुस्तीनुसार खनिजशोधासारखे सर्वेक्षण, केंद्राने घातलेल्या अटींच्या अधीन राहून, वनेतर वापर मानले जात नाही. देशाला खनिजशोध वेगाने व्हायला हवा, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु त्याचा अर्थ असा की, शोधमार्गांच्या बाबतीत कागदोपत्री तपासणी कमी झाली आणि अटींच्या प्रत्यक्ष पालनाचे महत्त्व तितकेच वाढले.

दुसरी गोष्ट क्रमाची. २००९ च्या परिपत्रकानुसार वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती प्रस्तावाबरोबरच अपेक्षित होती. २०२२ च्या नियमांनी ही पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर, राज्य शासनाच्या अंतिम आदेशापूर्वी करण्याचा क्रम ठेवला. राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाने त्या वेळी या नियमांविषयी केंद्राकडे लेखी आक्षेप नोंदविला होता. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी क्रम मूलतः हाच राहिला. परिणाम असा की, विषय ग्रामसभेपुढे येईपर्यंत नकाशावरची रेषा पक्की झालेली असते. रेषा पक्की झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला नियोजन म्हणत नाहीत.

कायद्यात आपल्या हाती एक बळही आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, खाणपट्टाधारकाने खाणक्षेत्र तसेच खाणकामामुळे बिघडलेले अन्य कोणतेही क्षेत्र पुन्हा गवताळ करून चारा, वनस्पती व जीवसृष्टीला योग्य अशा स्थितीत आणावे. 'अन्य कोणतेही क्षेत्र' या शब्दांत रस्ता येतो. खाणबंदीचा आराखडा कायद्याने आवश्यकच आहे. त्या आराखड्यात प्रत्येक तात्पुरत्या रस्त्याचे स्वतंत्र पान असावे, अशी मागणी करणे पूर्णपणे न्याय्य आहे.

ग्रामसभेचे ज्ञान नकाशावर यावे

मेंढा-लेखा या गडचिरोलीतील गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गावाने आपल्या बांबूचा कारभार स्वतः करून दाखविला. ज्या समाजाला एवढे जंगल सांभाळता येते, त्याला रस्त्याची रेषा कोठून जावी हे सांगता येणार नाही, असे मानणे हा उद्दामपणा आहे. बारमाही झरा कोठे आहे, कोणता नाला दर दहा वर्षांनी पात्र बदलतो, अस्वलाची वाट कोणती, मोह, तेंदू आणि चारोळीची झाडे कोठे दाट आहेत, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात अवजड वाहतूक जंगलात शिरली तर घराघराच्या वर्षाच्या मिळकतीवर घाला येतो. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे, जानेवारीत तेथे यात्रा भरते. अशी स्थाने, देवराया आणि स्मशानभूमी रेषा आखण्यापूर्वी नकाशावर चढल्या पाहिजेत; नंतर 'वळसा घालू' असे आश्वासन देऊन चालत नाही.

हा विचार आपल्याला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींसाठी आकराध्यक्ष आणि वनोपजांसाठी कुप्याध्यक्ष असे वेगळे अधिकारी नेमले आहेत, आणि वनाकडे जाणाऱ्या मार्गाची रुंदी चार दंड, म्हणजे सुमारे सात मीटर, अशी सांगून ठेवली आहे. शिवछत्रपतींच्या राज्यनीतीचा वारसा सांगणाऱ्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या झाडाला तिच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून हात लावू नये, असा दंडक आहे. राज्याची गरज होती, शत्रू समोर होता, तरीही ही मर्यादा पाळायची होती.

रस्ता बंद करण्याची रीत

रस्ता बंद करणे म्हणजे तोंडाशी फलक लावणे नव्हे. त्याची तयारी रस्ता उघडण्याच्या पहिल्या दिवसापासून करावी लागते. वरचा सुपीक मातीचा थर आधी काढून निराळा साठवावा, त्यावर वाहने फिरू देऊ नयेत. समाप्तीच्या वेळी मोऱ्यांच्या नळ्या काढून नाल्याचे पात्र मूळ आकारात आणावे. कारण निगा न राहिलेली मोरी पालापाचोळ्याने तुंबते, पाणी भरावावर चढते आणि भराव फुटतो. ट्रकांच्या चाकांनी दगडासारखी घट्ट झालेली जमीन यंत्राने खोलवर भुसभुशीत करावी, आडवे बांध घालावेत, साठवलेली माती पसरावी. प्रथम स्थानिक गवत, मग त्याच जंगलातील बियाण्यांची झाडे आणि बांबू लावावा. परकीय झाडांची सरळ रांग लावून हिरवा रंग दाखविण्याचा मोह टाळावा. शेवटी दोन्ही तोंडांशी खंदक आणि मोठे दगड टाकून वाट अडवावी व पुढील किमान तीन पावसाळे रानमोडी उपटण्याचे आणि पाहणीचे काम गावालाच मजुरी देऊन सोपवावे.

एखाद्या मार्गाचा भाग गावाला पायवाट किंवा गाडीवाट म्हणून हवा असेल, तर ग्रामसभेने तसा ठराव करावा आणि त्याची रीतसर मंजुरी घ्यावी. उर्वरित रुंदी जंगलाला परत मिळावी.

आपण काय करावे?

कार्यकर्ता म्हणून आपण अभियंता असण्याची आवश्यकता नाही. आपल्या भागात खाणीच्या रस्त्याचा विषय आला, तर पाच प्रश्न विचारावेत. हा रस्ता टाळता येतो का, आणि टाळण्याचे कोणते पर्याय तपासले? निघालेली माती कोठे जाणार? किती नाले ओलांडले जाणार आणि कोणत्या महिन्यात काम होणार? समाप्तीचा दिनांक कोणता, आणि बंद करण्याचा पैसा आज कोठे जमा आहे? हा नकाशा ग्रामसभेने आपल्या भाषेत, रेषा पक्की होण्यापूर्वी पाहिला आहे का?

शहरात राहणाऱ्या कुटुंबांनीही स्वतःला या विषयापासून दूर समजू नये. आपल्या घराच्या सळया आणि दारातील मोटार यांतील लोखंड कोणत्या तरी डोंगरातून, कोणत्या तरी रस्त्याने आलेले आहे. वनमंजुरीचे प्रस्ताव परिवेश या संकेतस्थळावर नोंदविले जातात आणि उपग्रहचित्रे आज कोणालाही पाहता येतात. आपल्यातील निवृत्त अभियंते, भूगोलाचे शिक्षक, संगणक जाणणारे तरुण यांनी वर्षातून दोन दिवस काढून एखाद्या ग्रामसभेला नकाशा वाचायला साहाय्य केले, तर त्याचा उपयोग अनेक भाषणांहून अधिक होईल. या वर्गातून परतताना प्रत्येक जिल्ह्याने असे एक गाव निश्चित करावे आणि येत्या पावसाळ्यापूर्वी तेथे जाऊन यावे, एवढी विनंती करून मी माझे बोलणे संपवितो.